क्षमा, माफी आणि दया : मराठी भाषा व कायदा यांतील अर्थविचार (विशेष संदर्भ : कोल्हापूर)

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस कळंबा येथे मध्यवर्ती कारागृह आहे. कारागृहाच्या व्यवहारात 'माफी' म्हणजे चांगल्या वर्तनाबद्दल आणि नेमून दिलेल्या कामाबद्दल शिक्षेतून वजा होणारे दिवस. ही माफी मोजता येते, तिची नोंद ठेवली जाते, गैरवर्तन झाल्यास ती कापलीही जाते. कारागृहाच्या भिंतीबाहेर मात्र 'मला माफ कर' असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात दिवसांचा हिशेब नसतो. न्यायालयाचा अवमान करणारा 'बिनशर्त माफी' मागतो, शेतकऱ्याला 'कर्जमाफी' जाहीर होते, खटल्यात सहआरोपी 'माफीचा साक्षीदार' होतो आणि फाशीची शिक्षा झालेला कैदी राष्ट्रपतींकडे 'दयेचा अर्ज' करतो. संविधानाच्या मराठी पाठात राष्ट्रपतींच्या याच अधिकाराला 'क्षमा' करण्याचा अधिकार म्हटले आहे.

एकाच कल्पनेभोवती इतके शब्द का जमा झाले आणि त्यांच्या अर्थांतील भेद केवळ कोशापुरता आहे की त्यावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून असते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी प्रथम शब्दांच्या घडणीचा, नंतर मराठा व ब्रिटिश काळातील व्यवहाराचा आणि अखेरीस संविधानोत्तर काळातील काही खटल्यांचा विचार केला आहे. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चाललेला आणि २००१ ते २०२३ या काळात निरनिराळ्या टप्प्यांतून गेलेला बालहत्याकांडाचा खटला हा या विवेचनाचा मुख्य आधार आहे.

शब्दांची घडण

'क्षमा' हा शब्द संस्कृत 'क्षम्' या धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ सहन करणे, सोसणे असा आहे. पृथ्वीलाही संस्कृतमध्ये 'क्षमा' म्हणतात, कारण ती सारे सोसते. म्हणजे क्षमेचा कर्ता ज्याने सोसले तोच असतो. ज्याच्यावर अन्याय झाला नाही त्याला क्षमा करण्यासारखे काही उरत नाही. संतवाङ्मयात दया आणि क्षमा ही जोडी वारंवार येते ती गुण म्हणून, अधिकार म्हणून नव्हे. कोल्हापूर-सांगली परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या दिगंबर जैन समाजात दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस 'उत्तम क्षमा' या धर्माचा असतो आणि पर्वानंतर क्षमावणीच्या निमित्ताने लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात. तेथे क्षमा मागणारा आणि करणारा एकाच पातळीवर उभे असतात.

'माफी' हा शब्द अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) त्याचे अरबी मूळ नोंदलेले आहे. हा शब्द मराठीत रुळला तो प्रामुख्याने दप्तरातून. ज्या जमिनीवरचा सारा सरकारने सोडून दिला ती 'माफी' जमीन. येणे असलेली रक्कम न घेणे हा तिचा गाभा आहे. शिक्षेसंबंधी आज वापरले जाणारे इतर शब्दही याच दप्तरातले आहेत. दुष्काळात साऱ्याची 'सूट' आणि 'तहकुबी' दिली जाते, तशीच शिक्षेतही सूट मिळते आणि शिक्षाही तहकूब होते. शिक्षा हे जणू अपराध्याकडून राज्याचे येणे आहे आणि माफी म्हणजे ते येणे सोडून देणे, अशी कल्पना या शब्दसमूहाच्या मुळाशी दिसते. म्हणून माफीचा कर्ता येणेकरी असतो. त्याने सोसलेले असलेच पाहिजे असे नाही.

'दया' हा तिसरा शब्द. मराठी वाक्यरचनाच या तिघांतील भेद सांगते. आपण 'मला दया आली' असे म्हणतो. दया आपोआप येते, तिच्यावर माणसाची सत्ता नसते. क्षमा 'करावी' लागते. ती कृती आहे. माफी 'मिळते' किंवा 'दिली जाते'. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू आहे. दया नसतानाही माफी देता येते आणि दया येऊनही क्षमा करता येत नाही, हे मराठी भाषकाला कोणी शिकवावे लागत नाही.

याखेरीज मराठीत दोन वाक्प्रचार आहेत आणि ते या निबंधाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. आई मुलाचा अपराध 'पोटात घालते'. सत्ताधारी आपल्या माणसाचा अपराध 'पाठीशी घालतो'. दोन्हींत अपराध शिक्षेवाचून राहतो. परंतु पोटात घालणाऱ्याला तो अपराध स्वतःला पचवावा लागतो. पाठीशी घालणारा तो इतरांच्या नजरेआड करतो. पहिल्याचा भार क्षमा करणाऱ्यावर पडतो, दुसऱ्याचा भार ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावरच पडतो. कायद्यातील माफी या दोहोंपैकी कशाच्या जवळ जाते हा खरा प्रश्न आहे.

माफी या शब्दात अपराध गृहीत धरलेला असतो, याची जाणीव मराठी समाजाला आहे. शेतकरी चळवळीत 'कर्जमाफी' हा शब्द नाकारून 'कर्जमुक्ती' या शब्दाचा आग्रह धरला गेला, कारण चुकीच्या धोरणामुळे कर्जात बुडालेला शेतकरी अपराधी नाही, ही त्यामागची भूमिका होती. राज्य शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेल्या योजनेच्या नावात 'महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती' असे शब्द आहेत, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. कोल्हापूर संस्थानातील एक उदाहरणही येथे नोंदवावेसे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये काही जातींवर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. जन्मामुळे संशयित ठरवलेल्या माणसांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. महाराजांची ही आज्ञा माफी नव्हती, कारण त्या माणसांनी काही केलेच नव्हते. जिथे अपराध नाही तिथे माफी देणे हाही अन्यायच ठरतो.

मराठा काळातील व्यवहार

मराठा काळातील न्यायव्यवहारात गुन्ह्याची दोन अंगे मानली जात. एक राज्याविरुद्धचा अपराध आणि दुसरे समाजाच्या दृष्टीने लागलेला दोष. पहिल्यासाठी दंड होता, दुसऱ्यासाठी प्रायश्चित्त. वि. त्रिं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गोतसभा, राजसभा, दिव्य, शुद्धिपत्र इत्यादींची जी माहिती दिली आहे, तीवरून ही दोन अंगे स्पष्ट होतात. दंड भरला म्हणून माणूस पंक्तीत बसत नसे आणि प्रायश्चित्त घेतले म्हणून दंड सुटत नसे. १६७६ मध्ये नेताजी पालकर यांना प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात परत घेण्यात आले, ही घटना सर्वपरिचित आहे. तीत छत्रपतींची इच्छा आणि धर्मविधी दोन्हींची आवश्यकता होती.

राज्याच्या बाजूने दिली जाणारी माफी बहुधा 'कौल' किंवा 'अभयपत्र' या रूपात असे. परागंदा झालेल्या रयतेला परत येऊन जमीन कसावी म्हणून कौल दिला जाई आणि पहिली काही वर्षे सारा कमी घेऊन तो टप्प्याटप्प्याने वाढवला जाई. यालाच इस्तावा म्हणत. म्हणजे कौलात केवळ मागचे सोडून देणे नसे. पुढे काय करायचे याचा करार असे. दोन्ही बाजूंना तो बांधून ठेवी. माफीचे हे कराराचे अंग पुढील काळात दुर्बळ झाले, असे दिसते.

त्याच काळात भारताच्या ज्या भागांत इस्लामी फौजदारी कायदा चालत होता तेथे खून झालेल्या माणसाच्या वारसांना खुन्याला माफ करण्याचा किंवा मोबदला घेऊन सोडण्याचा अधिकार होता. बंगालमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, कंपनी सरकारने हा अधिकार काढून घेतला. धनवान किंवा बलवान खुनी गरीब वारसांवर दडपण आणून माफी मिळवतो, हे त्यामागील एक कारण होते आणि ते खोटे नव्हते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की गंभीर गुन्ह्यातील माफी ही सर्वस्वी सरकारची बाब ठरली. सोसणारा एक आणि माफ करणारा दुसरा, ही आजच्या कायद्याची चौकट तेव्हापासून पक्की होत गेली.

१८५७-५८ आणि कोल्हापूर

राज्याच्या माफीचे स्वरूप कोल्हापूरच्या इतिहासातील एका प्रसंगातून चांगले समजते. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूर येथील सत्ताविसाव्या देशी पलटणीने उठाव केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहरात दुसरा उठाव झाला. दोन्ही उठाव मोडून काढण्यात आले. छत्रपती बाबासाहेब महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. त्यांना १८५८ मध्ये कराचीला नेऊन ठेवण्यात आले.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता त्यांना वगळून इतर उठावकऱ्यांना त्यात माफी देऊ केली होती. हा जाहीरनामा राज्यकर्त्यांच्या औदार्याचे उदाहरण म्हणून पुढे अनेक वर्षे सांगितला गेला. चिमासाहेब मात्र कोल्हापूरला परतले नाहीत. १८६९ मध्ये कराचीतच त्यांचे निधन झाले. ज्याच्यावर अपराध शाबीत झाला त्याला माफी मिळू शकते. ज्याला केवळ सोयीसाठी दूर ठेवले त्याला माफ करायचे तरी काय, असा हा पेच होता. राज्याची माफी राज्याच्या गरजेने चालते. ज्यांना परत येऊ देण्यात राज्याचे हित होते ते परत आले. ज्यांना दूर ठेवण्यात हित होते ते दूर राहिले.

संविधान आणि नानावटी प्रकरण

संविधानाच्या अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना शिक्षेसंबंधी क्षमा करण्याचा, शिक्षा स्थगित ठेवण्याचा, तीत सूट देण्याचा आणि ती सौम्य करण्याचा अधिकार आहे. मारूराम प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरावयाचा आहे. म्हणजे 'क्षमा' करणारी व्यक्ती स्वतःच्या अंतःकरणाप्रमाणे क्षमा करू शकत नाही. एपुरू सुधाकर प्रकरणात (२००६) असेही ठरले की अप्रस्तुत कारणांनी किंवा मनमानीने दिलेली माफी न्यायालय रद्द करू शकते. ज्या क्षमेची कारणे तपासता येतात आणि जी रद्द होऊ शकते, ती मूळ अर्थाने क्षमा नव्हे. ती माफी आहे. संविधानाच्या मराठी पाठात शब्द क्षमेचा आला असला तरी वस्तू माफीची आहे.

महाराष्ट्रात या अधिकाराची पहिली मोठी कसोटी नानावटी प्रकरणात लागली. नौदलातील अधिकारी कावस नानावटी याच्यावर एप्रिल १९५९ मध्ये झालेल्या खुनाचा आरोप होता. पंचांनी आठ विरुद्ध एक अशा मताने त्याला निर्दोष ठरवले. तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि ११ मार्च १९६० रोजी जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून नानावटीला नौदलाच्या ताब्यात राहू दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे चालू असताना राज्यपालांचा असा आदेश लागू राहू शकत नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने ५ सप्टेंबर १९६० रोजी दिला. नोव्हेंबर १९६१ मध्ये शिक्षा कायम झाली. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली. मृताच्या बहिणीने माफीला आपली हरकत नसल्याचे लेखी कळवले होते, असे या प्रकरणाच्या वृत्तान्तांत नोंदले आहे.

१९६० चा आदेश आणि १९६४ ची माफी या दोहोंमध्ये जो फरक आहे तोच पाठीशी घालणे आणि पोटात घालणे यांतला फरक आहे. पहिला आदेश निकालाच्या दिवशीच, न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी निघाला. दुसरा अपराध अंतिमतः शाबीत झाल्यावर, शिक्षेचा काही काळ भोगून झाल्यावर आणि ज्यांचे माणूस गेले त्यांचे म्हणणे समजून घेतल्यावर निघाला. मात्र कायद्याने असे म्हणणे विचारणे सरकारवर बंधनकारक केलेले नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कोल्हापूरचा बालहत्याकांड खटला

१९९० ते १९९६ या काळात महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या शहरांतून तेरा लहान मुलांचे अपहरण करून त्यांपैकी काहींचे खून केल्याचा आरोप अंजना गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्यावर होता. चोरी करताना लोकांचे लक्ष विचलित करण्यासाठी या मुलांचा वापर होई. खटला संपण्यापूर्वीच अंजना गावितचा मृत्यू झाला. जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि ३१ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

या खटल्यात प्रस्तुत निबंधातील जवळजवळ सर्व शब्द एकत्र आले. पहिला शब्द 'माफीचा साक्षीदार'. रेणुका शिंदे हिचा पती प्रारंभी सहआरोपी होता. तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष खटल्यात महत्त्वाची ठरली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ मध्ये ही तरतूद होती, ती आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये आहे. गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे याला अशीच माफी मिळाली होती. या माफीत दयेचा किंवा क्षमेचा लवलेश नाही. सर्व सत्य सांगण्याच्या अटीवर केलेला तो करार आहे आणि साक्षीदाराने अट मोडल्यास माफी जाते. मुले गमावलेल्या आईबापांना त्यासंबंधी कोणी विचारले नाही आणि कायद्यानुसार विचारण्याची गरजही नव्हती.

दुसरा शब्द 'दया'. बहिणींनी राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे दयेचे अर्ज केले. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ते फेटाळले. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्यापासून तोवर सात वर्षे दहा महिन्यांहून अधिक काळ गेला होता. त्याच वर्षी २१ जानेवारी रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले होते की दयेच्या अर्जावर अकारण दीर्घ विलंब झाल्यास फाशी जन्मठेपेत बदलता येते. फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणे ही शिक्षेवरची शिक्षा होय, असा त्यामागील विचार आहे. या आधारावर बहिणींनी उच्च न्यायालयात धाव घेतली.

१८ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती नितीन जामदार आणि न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. गुन्हा अत्यंत क्रूर आहे हे न्यायालयाने मान्य केले, परंतु शासकीय यंत्रणेचा विलंब समर्थनीय नाही असे म्हटले. तुरुंगात पंचवीस वर्षे झाली असल्याने आपल्याला सोडून द्यावे, ही बहिणींची मागणी मात्र मान्य झाली नाही. त्यांचा जीव वाचला तो दयेमुळे नव्हे. दया तर नाकारलीच गेली होती. क्षमेमुळे नव्हे, कारण ती कोणी केली नव्हती. माफीमुळेही नव्हे. कागद वेळेवर पुढे सरकले नाहीत आणि त्याचा जाब शासनाला द्यावा लागला म्हणून जीव वाचला. अपराधी माणसालाही राज्याविरुद्ध काही हक्क असतात, हे तत्त्व त्या निर्णयात आहे आणि ते मौल्यवान आहे. परंतु मुले गमावलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले तर दप्तरातील दिरंगाईची किंमत अप्रत्यक्षपणे त्यांच्या पदरात पडली, असेही म्हणावे लागते.

तिसरा शब्द 'सूट'. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये त्या न्यायालयाने जन्मठेप कायम ठेवली, मात्र ती नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंत आणि कोणतीही सूट न देता भोगावयाची आहे असा फेरबदल केला. दयेच्या अर्जांवर लवकरात लवकर निर्णय घ्यावेत असेही सर्व संबंधितांना बजावले. म्हणजे एका खटल्यात एकाला करारान्वये माफी मिळाली, दोघींना दया नाकारली गेली, दिरंगाईमुळे फाशी टळली आणि अखेर सुटीचे दार बंद झाले. क्षमा हा शब्द या साऱ्या प्रवासात कोठेच आला नाही. तो उच्चारण्याचा अधिकार ज्यांना होता ते या कागदपत्रांत केवळ साक्षीदार होते.

कळंबा : दिवसांचा हिशेब

फाशी अंमलात आणण्याची व्यवस्था महाराष्ट्रात येरवडा आणि नागपूर येथे आहे. कळंब्याच्या शिक्षाबंद्याचा संबंध येतो तो सुटीशी आणि रजेशी. १९६२ च्या नियमांनुसार त्याच्या माफीचे दिवस जमा होतात. रजेच्या नियमांनुसार त्याला 'संचित रजा' आणि 'अभिवचन रजा' मिळू शकते. हे दोन मराठी शब्द मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. संचित रजा वर्तनाने साठवलेली असते. अभिवचन रजा परत येण्याच्या शब्दावर दिलेली असते. फर्लो आणि पॅरोल या इंग्रजी संज्ञांपेक्षा हे शब्द अधिक बोलके आहेत आणि मराठा काळातील कौलाची आठवण करून देतात.

जन्मठेपेच्या बंद्याला हा हिशेब नेहमीच पुरत नाही. गोपाळ गोडसे याने आपल्या जमा सुटीचा आधार घेऊन सुटका मागितली तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण आयुष्य. सूट जमा झाली म्हणून ती आपोआप संपत नाही, शासनाने तसा आदेश द्यावा लागतो. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढणे आवश्यक झाले. लोकांत 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' असा जो समज आहे तो या किमान मर्यादेलाच शिक्षेची कमाल समजण्यातून आला आहे.

माफीकडे हिशेबापलीकडे पाहण्याचा एक प्रयोग याच परिसरात झाला. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेनुसार १९३९ मध्ये आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही भिंती नसलेली वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांतील बंदी तेथे कुटुंबासह राहून शेती करीत. कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांताराम यांनी ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून १९५७ मध्ये काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगातून स्फुरला. स्वतंत्रपुरात शिक्षा माफ झालेली नव्हती. भिंत तेवढी काढली होती आणि तिच्या जागी विश्वास ठेवला होता. राज्य क्षमा करू शकत नसले तरी ते विश्वास टाकू शकते आणि अपराध्याला परत माणसांत येण्याची वाट करून देऊ शकते, हे या प्रयोगाने दाखवले.

सोसणाऱ्याचे स्थान

कायद्यात सोसणाऱ्याच्या क्षमेला अजिबात जागा नाही असे मात्र नाही. किरकोळ मारहाण, बदनामी यांसारख्या तडजोडयोग्य गुन्ह्यांत ज्याला इजा झाली तो माणूस खटला मिटवू शकतो. गुन्हा जसजसा गंभीर होतो तसतसा हा अधिकार आटत जातो आणि खुनाच्या बाबतीत तो उरत नाही. वारसांवर येणारे दडपण लक्षात घेता हे योग्यही आहे. परंतु क्षमा करण्याचा अधिकार नसणे आणि म्हणणे मांडण्याचा अधिकार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अलीकडच्या काळात हा भेद न्यायालयांनीही जाणला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील दुरुस्तीने २००९ च्या अखेरीस पीडित व्यक्तीला निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क मिळाला. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारातील बिल्किस याकूब रसूल प्रकरणाचा खटला मुंबईत चालला आणि २००८ मध्ये आरोपींना जन्मठेप झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात शासनाने अकरा जणांना सूट देऊन मुक्त केले. पीडित स्त्रीने स्वतः या सुटकेला आव्हान दिले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली; शिक्षा महाराष्ट्रात झालेली असल्याने निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, असे सांगून सर्वांना पुन्हा तुरुंगात हजर होण्याचा आदेश दिला. राज्याने दिलेली माफी हे पाठीशी घालणे आहे असे सोसणारी व्यक्ती म्हणू शकते आणि न्यायालयाला ते ऐकावे लागते, हे या निर्णयाने प्रस्थापित केले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जासाठी प्रथमच मुदती घातल्या आहेत. बंद्याने तीस दिवसांत अर्ज करावयाचा आहे आणि राज्याचे अभिप्राय व कागदपत्रे मिळाल्यापासून साठ दिवसांत केंद्र शासनाने राष्ट्रपतींकडे शिफारस करावयाची आहे. मात्र राज्याने अभिप्राय किती दिवसांत पाठवावा आणि राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा, यास मुदत नाही. कोल्हापूरच्या खटल्यात झालेल्या दिरंगाईसारखी दिरंगाई पुन्हा होण्यास अजून वाव आहे.

निष्कर्ष

१. मराठीत क्षमा, माफी आणि दया हे समानार्थी शब्द नाहीत. क्षमा सोसणाऱ्याची, माफी येणेकऱ्याची आणि दया पाहणाऱ्याची असते. कायद्याच्या मराठीत क्षमा हा शब्द आला असला तरी त्याचा आशय माफीचा आहे.

२. राज्याला पोट नाही, म्हणून ते अपराध पोटात घालू शकत नाही. ते शिक्षा सोडून देऊ शकते. ही सोडणूक वेळेवर, कारणे सांगून आणि सोसणाऱ्याचे म्हणणे ऐकून झाली नाही तर तिचे पाठीशी घालण्यात रूपांतर होते. १९६० चा नानावटीसंबंधीचा आदेश आणि २०२२ मधील गुजरातची सूट ही त्याची उदाहरणे होत.

३. कोल्हापूरच्या खटल्यात फाशी टळली ती शासनाच्या दिरंगाईमुळे. अपराध्याच्या हक्काचे रक्षण योग्यच होते. परंतु दयेचा निर्णय वेळेत होणे ही बंद्याइतकीच मृतांच्या कुटुंबांचीही गरज आहे, हे या खटल्याने दाखवून दिले.

४. सोसणाऱ्याकडून क्षमेची अपेक्षा करण्याचा किंवा त्याच्या वतीने क्षमा जाहीर करण्याचा अधिकार कोणालाही नाही. क्षमा न करणे हाही त्याचा हक्क आहे. सुटीचा निर्णय घेताना त्याचे म्हणणे नोंदवून घेण्याची पद्धत नियमांतच असावी.

५. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आहे. सूट आणि रजा यांसंबंधीच्या याचिकांसाठी बंद्यांच्या आणि पीडितांच्याही नातेवाइकांना आता मुंबईची वाट धरावी लागणार नाही. दोन्ही बाजू एकाच गावात, एकाच न्यायालयापुढे उभ्या राहू शकतील. माफीचा अर्थ कोशात ठरत असला तरी तिचा न्याय तेथेच ठरावयाचा आहे.